बर्फात जपलेला पेढा

नलिनीताई आपटे कारखान्याच्या पिपलानी टाउनशिपमधल्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवायच्या, आणि डूख धरण्यात त्यांचा हात धरणारं अख्ख्या टाउनशिपमध्ये कोणी नव्हतं.

मंडळाच्या गणपतीला प्रसादाचे पेढे करायचा मान बारा वर्षं त्यांचा. गेल्या वर्षी मात्र प्रतिभा देवधरनं, नवऱ्याच्या बदलीबरोबर नुकतीच पुण्याहून आलेली ही पोर, एक पेढा तोंडात टाकला आणि चारचौघींत म्हणाली, "टाळ्याला चिकटतोय. नलिनीताई माव्यात बटाटा कालवतात वाटतं." बायका फिदीफिदी हसल्या. यंदा पेढ्यांचं काम प्रतिभाकडे गेलं. बारा वर्षांची अब्रू एका वाक्यात धुळीला मिळाली.

नलिनीताईंच्या गेल्या वर्षीच्या घाण्यातला एकच पेढा उरला होता. तो त्यांनी डबीत घालून फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवला. "फेकून दे आता," वसंतराव म्हणाले. "तुम्ही यात पडू नका," त्या आपल्या नवऱ्याला म्हणाल्या. वसंतराव पडले नाहीत.

यंदा आरतीआधी तासभर नलिनीताईंनी मंडळाकडून मागून घेतला. विषय, अन्नातले घटक. मंडपात शेदीडशे माणसं. शेंगदाणा कागदावर रगडला, तेलकट डाग पडला: हे स्निग्ध पदार्थ. डाळीच्या पाण्यात मोरचूद आणि कॉस्टिक सोडा पडताच पाणी जांभळं झालं: ही प्रथिनं, यांनी शरीर बांधलं जातं. मग बटाट्याच्या कापावर आयोडीनचा थेंब. काप काळानिळा झाला.

"हे पिष्ट. अंगाला ताकद देतं. पण दुधात ते नसतं, म्हणून चोख माव्यावर आयोडीन तपकिरीच राहतं," त्या म्हणाल्या आणि वळल्या. "प्रतिभा, एक पेढा दे गं."

"ताई, नैवेद्य व्हायचाय अजून."

"म्हणूनच आत्ता मागतेय. नैवेद्य दाखवला की तो प्रसाद. प्रसादाची परीक्षा घ्यायची नसते."

प्रतिभाला द्यावाच लागला. थेंब पडला, पेढा काळानिळा झाला. मंडपात कुजबुज उठली, प्रतिभाचा चेहरा उतरला, आणि नलिनीताईंना खरं सांगायचं तर इतका आनंद लेकीच्या लग्नातही झाला नव्हता.

तिथंच थांबल्या असत्या तर जिंकल्या होत्या. पण नाही. त्यांनी पिशवीतून डबी काढली. "आणि हा माझा. गेल्या वर्षीचा, बटाट्याचा म्हणे."

हा पेढा त्यांनी घरी कधी तपासला नव्हता. एकुलता एक पुरावा, थेंब पडला की संपला. शिवाय स्वतःच्या पेढ्याला काय तपासायचं? पोरांना 'आधी पडताळा, मग बोला' असं रोज बजावणारी ही बाई.

थेंब पडला. पेढा काळानिळा झाला.

कोणी हसलंसुद्धा नाही, आणि तेच जास्त लागलं. प्रतिभा जवळ येऊन हळूच म्हणाली, "मावा गोविंदपुऱ्यातल्या डेअरीचाच आणला हो. तुम्ही तिथूनच आणता असं सगळ्या म्हणाल्या, म्हणून. मी काही कालवलं नाही."

"मी तरी कुठं कालवलं होतं," नलिनीताई म्हणाल्या. माव्यातला मैदा असो की बटाटा, बारा वर्षं देवापुढं तो त्यांनीच ठेवला असेल, निदान गेल्या वर्षी तर नक्कीच. हे त्यांनी माइकवर सांगितलं, एकेक शब्द, कारण पुढच्या रांगेत सातवीचा वर्ग वह्या घेऊन बसला होता.

त्या दिवशी गणपतीला गूळखोबरं दाखवलं. आरती झाली, तशी नलिनीताईंनी आयोडीनची बाटली उचलून हलवून पाहिली. अर्धी भरलेली होती. प्रतिभा आपल्या पेढ्यांची दोन्ही ताटं झाकत होती.

"ती ताटं घे बरोबर. तुझी लुना काढ."

"ताई, माझं त्या वेळचं बोलणं..."

"ते मी विसरलेले नाही, विसरणारही नाही," नलिनीताई पदर खोचत म्हणाल्या. "आधी डेअरीवाला. तू नंतर."