अर्धाच रडलेला तवा

कवठे येमाईच्या समाजमंदिरात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. बायका हातात तवे घेऊन आल्या होत्या. कुणी पदराखाली झाकून, कुणी पिशवीत घालून, एकीनं तर नातवाच्या दप्तरात. चुलीवरची वस्तू अशी चारचौघांत आणायची वेळ येईल, असं कुणाला वाटलं नव्हतं; पण लोहनाथ महाराजांनी ती आणली होती.

हे महाराज दौंडकडून आले असं लोक म्हणत. महाराज स्वतः हिमालयातून आलो असं सांगत. हिमालयातून येताना टेम्पो कशाला लागतो आणि टेम्पोत गोणपाटाखाली काय झाकलेलं असतं, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

"माउली, माणूस खोटं बोलंल, नवरा खोटं बोलंल, पण बिडाचा तवा खोटं बोलायचा न्हाई!" शेगडीपुढं मांडी घालून महाराज सांगत होते. "का न्हाई बोलायचा? तर तो अग्नीवर बसून साक्ष देतो. ज्या घरात समाधान, त्या घरचा तवा हसतो. ज्या घरात जळफळाट, त्या घरचा तवा रगत रडतो. बोला लोहनाथ महाराज की..."

"जय!" सगळे ओरडले. महाराजांचा जयजयकार महाराजांनीच सुरू केला, हेही कुणाला खटकलं नाही.

परीक्षेची रीत अशी: आदल्या संध्याकाळी प्रत्येकीनं आपला तवा महाराजांच्या तीर्थात भिजवलेल्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवायचा आणि सकाळी सगळ्यांसमोर सोडायचा. तीर्थ म्हणजे मिठाचं पाणी आणि त्यात तुळशीची पानं. मग तवा शेगडीवर चढवून त्यावर पाणी शिंपडायचं.

वच्छलाबाईंचा नंबर आला. त्यांनी फडकं सोडलं. ते पांढरंच्या पांढरं. महाराजांनी तवा शेगडीवर ठेवला आणि पतिव्रतांच्या महतीवर लांबलचक प्रवचन दिलं. मग पाणी शिंपडलं, तर थेंब मोत्यांसारखे तव्यावर नाचायला लागले. वरून धिरड्याचं पीठ ओतलं, तेलाचा टिपूस न घालता. धिरडं उलथनं लावायच्या आधीच सरकलं. बायकांनी कानशिलांवर बोटं मोडली. वच्छलाबाई लाजल्यासारखं करून हसल्या.

त्यांची धाकटी जाऊ मुक्ताबाई खांबाला टेकून हे बघत होत्या, आणि त्यांच्या पोटात आग पडली होती.

या आगीला वय होतं. सासूबाई मेंढरं घेऊन कोकणात उतरणाऱ्या पिढीतल्या. वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, हलला की घोड्यावर बिऱ्हाड आणि बिऱ्हाडात हा बिडाचा तवा. भाऊ वेगळे झाले तेव्हा म्हातारीनं तो उचलून थोरलीच्या हातात दिला. मुक्ताबाईंना विहिरीकडचं रान आलं, पण त्यांना त्या रानाची आठवण कधी राहिली नाही, तव्याची राहिली. पुढं थोरलीला मुलगा झाला, मुक्ताबाईंना एकच मुलगी, सायली. थोरलीचं घर रस्त्याला आलं. थोरलीला नातूही झाला. आणि थोरलीची धिरडी? जाळीदार. मुक्ताबाईंनी ईर्ष्येनं शिरूरच्या बाजारातून नवाकोरा बिडाचा तवा आणला. त्यावरचं पहिलं धिरडं खरवडून कुत्र्याला घातलं, दुसरं कुत्र्यानंही खाल्लं नाही.

तरी एका बाबतीत आपण सरस आहोत, याबद्दल त्यांची खात्री होती. थोरलीचा तवा काळा मिट्ट, आणि आपला? राख, चिंच आणि तारेची घासणी लावून असा लखलखीत की चेहरा दिसावा. भांडी घासावीत तर मुक्तानंच, असं शेजारणी म्हणत. ते थोरलीला ऐकू जावं म्हणून मुक्ताबाई अंगणातच भांडी घासायला बसत.

"पुढची!" महाराजांनी हाक मारली.

मुक्ताबाईंनी फडकं सोडलं आणि त्यांचे हात तसेच राहिले. पांढऱ्या कापडावर तांबडे ओघळ उतरले होते. तव्याच्या लखलखीत तोंडावर लाल डाग उमटले होते.

"रडला!" महाराज उठून उभेच राहिले. तवा शेगडीवर टेकवला न टेकवला तोच त्यांनी पाणी शिंपडलं. चुर्रर्र आवाज झाला आणि थेंब जागच्या जागी विझले. "बघा, पाणीसुदीक हिच्या तव्यावर जगंना! बाई, कुणावर जळतेस तू? बोल! अशा बाईची सावली तान्ह्या लेकरावर पडू दिऊ नका रे!"

वच्छलाबाईंच्या सुनेच्या मांडीवर बाळ झोपलं होतं. वच्छलाबाईंनी आपला पदर पुढं ओढून त्याच्यावर घातला. मुक्ताबाईंना महाराजांचं बोलणं लागलं नाही, तो पदर लागला.

संध्याकाळी पुतण्या शंभू, त्या बाळाचा बाप, आला आणि उंबऱ्यातच उभा राहिला.

"काकी, माझ्या मनात तसं काय न्हाई. पण आई म्हणती, बारशाला... म्हंजी तुम्ही जेवायला या. पाळण्यापाशी तेवढं नको. आन् सायलीताईनंही."

शंभूला सख्खी बहीण नाही. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान चुलत आत्येचा, म्हणजे सायलीचा. पोरगी सहा महिन्यांपासून नाव शोधत होती. आपल्या मनातलं विष आपल्या लेकीच्या ताटात पडलं, असं वाटून मुक्ताबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

महाराजांकडं उतारा होता. टेम्पोतला, सव्वाशे वर्षं साधूंच्या आखाड्यात सिद्ध झालेला तवा घरी न्यायचा. किंमत एका दुभत्या शेळीएवढी. सोबत नियम: साबण लावायचा नाही, आंबट शिजवायचं नाही, पाण्यात ठेवायचा नाही, धुतला की लगेच विस्तवावर कोरडा करून तेलाचा हात फिरवायचा. नियम मोडला तर सिद्धी गेली. गावचे माजी सरपंच मारुतराव यांच्या मंडळींनी एक घेतलाही होता.

सायली शिरूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. ती शनिवारी दुपारी घरी आली, तेव्हा मुक्ताबाई विकायला काढलेल्या शेळीच्या गळ्यातली घंटा सोडत होत्या.

सगळं ऐकून सायली म्हणाली, "आई, तव्याला गंज चढलाय. दुसरं काही नाही."

"गंज अक्काच्या तव्याला का चढंना मग?" मुक्ताबाईंचा आवाज फुटला. "सायले, महाराज खोटं न्हाई बोलला. मी जळते तिच्यावर. लगीन हून या घरात आले तवापासून जळते. तिचा नातू झाला तवा मी पेढा खाल्ला आन् मागल्या दारी जाऊन रडले. मग तवा कसा खोटं सांगंल?"

"तू मोठ्या आईवर जळतेस हे मला बालवाडीपासून ठाऊक हाय," सायली म्हणाली. "पण तव्याला कुणी सांगितलं?"

मुक्ताबाई घंटा हातातल्या हातात फिरवायला लागल्या.

"मला सांग, मोठी आई तिचा तवा कशानं घासते?"

"घासती?" मुक्ताबाईंच्या अंगात एकदम बळ आलं. "ती कशाला घासती! घाण बाई. सासूबाईंची सवय उचलली. वाड्यावर पाणी नसायचं, म्हणून म्हातारी लोकरीचा बोळा चरबीत बुडवून तवा पुसायची आन् निखाऱ्यावर पालथा टाकायची. ही अजून तेच करती. पाणी दारात आलं तरी!"

सायली हसत सुटली. मग तिनं आईचा तवा मांडीवर घेतला. "बीड लोखंडच, फक्त ओतीव. त्याच्या अंगावर बारीक खड्डे असतात. तेल लावून तापवलं की ते तेल वाळून कातडीसारखं घट्ट बसतं. एकावर एक असे थर चढले की तवा काळा होतो, धिरडं चिकटत नाही आणि पाणी लोखंडाला शिवत नाही. मोठ्या आईच्या तव्यावर तीस-चाळीस वर्षांची कातडी हाय. तू तुझ्या तव्याची कातडी रोज सोलून काढतेस, तेही चिंच लावून. उघड्या लोखंडावर रात्रभर मिठाचं पाणी, मग काय होणार? आणि त्या बुवाचे नियम बघ. एकही मंत्र नाही त्यात. बिडाचं भांडं कसं सांभाळावं तेवढंच हाय."

मुक्ताबाईंनी तव्यावरून बोट फिरवलं. आपण इतकी वर्षं थोरलीवर मात करायला जे घासत होतो, त्यानंच आपला तवा बिघडत होता, हे गिळायला वेळ लागणारच.

"हे तू मला सांगितलंस. गावाला कोण सांगंल?" त्या म्हणाल्या.

"गावाला सांगायचं नाही. दाखवायचं."

मायलेकींनी रविवारी तवा घासून मधोमध खडूनं रेघ मारली. एका बाजूला जवसाचं तेल बोटभर घेऊन चोळलं, कापडानं पुसून घेतलं आणि धूर येईतो तापवलं. गार झाल्यावर पुन्हा तेच. दिवसभर हा उद्योग चालला. संध्याकाळी तवा अर्धा काळा, अर्धा लखलखीत झाला होता. तो तीर्थाच्या फडक्यात गुंडाळून सायलीनं समाजमंदिरात सगळ्यांदेखत ठेवला.

"आप्पा, समाजमंदिराची किल्ली तुमच्याकडं राहू द्या," ती मारुतरावांना म्हणाली. "आणि उद्या तुमच्या घरचा सिद्ध तवाही घेऊन या."

"आणतो की," मारुतराव म्हणाले. "आल्यापासनं त्याच्यावर भाकरी कमी आन् मला टोमणेच जास्त भाजले जात्यात."

सकाळी गर्दी दुप्पट होती. महाराजांनी अर्धा काळा तवा बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "ही देवाची चेष्टा हाय! अशी परीक्षा चालत न्हाई!"

"का चालत न्हाई?" मारुतरावांनी विचारलं. "तवा तिचाच, तीर्थ तुमचंच, किल्ली माझ्यापाशी."

मुक्ताबाई पुढं झाल्या. फडकं त्यांनी स्वतःच सोडलं आणि तवा वर धरला. घासलेली बाजू तांबडी लाल. तेलाची बाजू काळी, कोरडी. मधली रेघ सुरीनं कापल्यासारखी.

माणसं उठून बघायला लागली. आणि मग मुक्ताबाई बोलल्या. सायलीनं त्यांना हे शिकवलेलं नव्हतं.

"व्हय, मी जळते! अक्कावर जळते, तिच्या तव्यावर जळते, तिच्या रस्त्यावरच्या घरावर जळते. समद्या गावानं ऐका. पण महाराज, मी सबंधच्या सबंध जळते. मग माझा तवा अर्धाच का रडला?"

मग मागून एक म्हातारी फसकन हसली आणि सगळं समाजमंदिर हसायला लागलं. वच्छलाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या जावेकडं नवीनच बाई बघावी तशा बघत होत्या.

"थेंबाचं काय? थेंब कसे नाचले?" कुणीतरी विचारलं.

सायलीनं तोच रडका तवा शेगडीवर ठेवला. "आता मी प्रवचन देते," ती म्हणाली आणि पाचवीच्या वर्गाच्या खोड्या तिनं निवांतपणे सांगितल्या. तवा चांगला सणसणीत तापल्यावर तिनं पाणी शिंपडलं. गंजलेल्या बाजूवरही थेंब नाचले. "भांडं खूप तापलं की थेंबाखाली वाफेची गादी होते, थेंब तिच्यावर पळतो. कमी तापलं की चुर्र होऊन जातो. महाराज ज्यांच्यावर खूश, त्यांच्या तव्यापुढं प्रवचन मोठं. बाकी काही नाही."

"नास्तिक पोरगी!" महाराज गरजले. "पण सव्वाशे वर्षांच्या सिद्ध तव्याला तू हात लावू शकत न्हाईस!"

"हात नको, चमचा पुरे," असं म्हणून तिनं मारुतरावांचा तवा उलटा केला. पाठीवर माती आणि काजळीचा लेप होता. तो खरवडल्यावर खालून ओतीव अक्षरं वर आली. अक्षरं कसली, आकडे. तिनं आईचा बाजारातला तवा सांडशीनं उचलून शेजारी उलटा ठेवला. तिथंही तेच आकडे.

मारुतरावांनी चष्मा चढवला. "अरे, ह्यो तर मोबाईल नंबर हाय! सव्वाशे वर्षांमागं साधू मोबाईल वापरत व्हते व्हय?"

त्यांनी लगेच स्वतःच्या मोबाईलवरून तो नंबर लावला आणि स्पीकर मोठा केला. पलीकडून आवाज आला, "हां बोला, फौंड्री. तवे किती नग पायजे? दौंडच्या म्हाळूशेठनी सांगितलं का? त्यांचा माल परवाच टेम्पोत भरून दिलाय. काळं त्यांचं ते करून घेतात."

म्हाळूशेठ ऊर्फ लोहनाथ महाराज तोवर दाराकडं सरकत होते. पण दारात तव्यांसकट बायका उभ्या होत्या आणि बिडाचा तवा हातात असलेल्या बाईच्या अंगावरून जाण्याची सिद्धी काही त्यांच्याकडं नव्हती. ज्यांचे पैसे घेतले होते, त्या प्रत्येकीचे परत केल्यावरच टेम्पो पोलीस ठाण्याकडं वळला.

दुपारी वच्छलाबाई मुक्ताबाईंच्या दारात आल्या. हातात लोकरीचा बोळा होता.

"आण तुझा तवा. उरलेला अर्धा मी करून देते," त्या म्हणाल्या. मग खाली बघत म्हणाल्या, "त्या दिवशी पदर घातला मी लेकरावर. तुझी भीती वाटली, मुक्ते. तू काय केलं नसताना."

"मी जळते हे तर खरंच हाय, अक्का."

"जळ की. मी न्हाई जळत व्हय? मला विहिरीवरचं रान पायजे व्हतं, म्हातारीनं काळा तवा हातात टेकवला."

इतक्या वर्षांत हे मुक्ताबाईंच्या मनातही आलं नव्हतं.

बारशाला सायलीनं बाळाच्या कानात नाव सांगितलं. पाळण्याची दोरी मुक्ताबाईंच्या हातात होती. पंगतीत दोघी जावांच्या तव्यांवरची धिरडी एकाच परातीत आली. थोरलीच्या धिरड्याला जाळी किंचित जास्त पडली होती, असं मुक्ताबाईंना वाटलं. नीट बघितल्यावर पडलीच होती, हे पक्कं झालं. आणि झालं, पोटातली जुनी आग पुन्हा धुमसायला लागली.

घरी आल्यावर त्यांनी आपला तवा मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळला. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना स्वतःलाच बघायचं होतं. गुंडाळताना त्या थोरलीच्या जाळीबद्दल मनातल्या मनात भरपूर जळल्या, मुद्दाम, काही कसर न ठेवता.

सकाळी फडकं सोडलं. ते पांढरंच्या पांढरं होतं.

बाबांनो, आपल्या मनात काय आहे ते आपण आपल्या मनाला विचारावं, आणि तव्याला काय झालं ते लोखंडाला, पाण्याला आणि मिठाला विचारावं. मुक्ताबाईंनी फडकं वाळत घातलं, तव्यावर तेलाचा हात फिरवला आणि थोरलीच्या भिंतीकडं तोंड करून हाक मारली, "अक्का, तुमची जाळी एवढी कशी पडती, ते सांगा की जरा!"