तेरड्याची शेंग

"बाई, जरा डावीकडे सरकता का?" मास्तरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

फिल्मवाल्या बाई खुर्चीसकट वीतभर सरकल्या. "अहो मास्तर, माझी सावलीसुद्धा पडत नाहीये तिथे."

सावलीचा प्रश्नच नव्हता. बाईंच्या अंबाड्यामुळे पलीकडे दिव्यांपाशी उभ्या असलेल्या सुनेचा चेहरा मास्तरांना दिसत नव्हता, आणि तो दिसला नाही तर आज त्यांची धडगत नव्हती. काल एक शेंग हुकली होती. आजही हुकली तर बाई दुसरा कॅमेरावाला बघणार होत्या.

कुंडीतल्या तेरड्यावर पिकलेल्या दोनच शेंगा उरल्या होत्या. तेरड्याची शेंग आपणहून तडकते, बिया उधळतात, डोळ्याला काही कळायच्या आत खेळ खलास. तेच मास्तरांचा कॅमेरा इतकं संथ करून दाखवायचा की एकेक बी गिरकी घेत जाताना दिसावी. मात्र त्याच्या पोटात शेवटचा जेमतेम एक सेकंदच मावे. जुनं पुसत तो नवं भरत राही. शेंग फुटली की लगेच बटण दाबायचं, म्हणजे नुकतंच घडलेलं जपलं जाई. उशीर झाला की हाती धुपाटणं.

"डोळ्याला पापणी असते, कानाला नसते," असं मास्तर सुनेला शिकवताना म्हणायचे. मुलाने या कामाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं, सुनेला मात्र त्याची गोडी लागली होती. शेंगेचा 'टच्' ऐकायचा नि बटण दाबायचं, एवढीच विद्या. पण गेल्या वर्षापासून मास्तरांना तो 'टच्' ऐकूच येईना. टीव्हीच्या आवाजावरून घरात बायकोशी खटके उडत, ते त्यांनी हसण्यावारी नेले. इथे त्यांनी युक्ती काढली. सुनेचे कान तिखट होते आणि आवाज झाला की तिच्या भुवया उडत. मास्तर शेंगेकडे बघायचेच नाहीत; भुवयांकडे बघून बटण दाबायचे. तिला हे कळलंय का, असं विचारायची त्यांची छाती झाली नव्हती.

पंखे बंद होते. दिव्यांच्या धगीने मानेवरून घाम ओघळत होता. मास्तरांचा अंगठा बटणावर होता. बाई पुढे वाकल्या आणि अंबाडा पुन्हा आडवा आला. मास्तरांनी मान तिरकी केली, टाचा उंचावल्या. सुनेचा एक कान दिसला, कपाळ दिसलं, मग भुवया दिसल्या. त्या उडून खाली येत होत्या.

त्यांनी बटण दाबलं.

पडद्यावर वळकटी झालेलं रिकामं टरफल तेवढं डुलत होतं.

"गेली," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता, म्हणून मास्तरांना ऐकू आला. "झालं काय नेमकं?"

"चूक माझी," सून पटकन म्हणाली. "माझ्याकडून दिवा हलला. बाबांचं लक्ष तिकडे गेलं."

"मग उद्यापासून तू येऊ नकोस. मास्तर, दिव्यांसाठी दुसरं माणूस बघा."

सुनेने मान खाली घातली. म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. गप्प बसलं तर मास्तरांचं काम टिकत होतं. पण तेरड्याचा रंग तीन दिवस. हे सोंग आणखी किती चाललं असतं, आणि तेही पोरीच्या जिवावर?

"दिवा हलला नाही, बाई," ते म्हणाले. "मला ऐकू येत नाही. वर्ष झालं. हिच्या तोंडाकडे बघून मी बटण दाबतो. आज तुम्ही मध्ये होतात."

बाई हळू काहीतरी बोलल्या. मास्तरांना ते कळलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. बटणाची वायर त्यांनी सुनेच्या हातात दिली.

"बाबा, अहो, मी कशी..."

"नुसतं ऐकायचं. मी बाहेर थांबतो. माझा श्वास फार मोठा वाजतो म्हणे, तुझ्या सासूची तक्रार आहे."

बाहेरच्या बाकावर बसून ते बंद दाराकडे बघत राहिले. आत शेंग फुटली की नाही, हे कळायला त्यांना काही मार्ग नव्हता. काम चालू असताना ते या बाजूला कधी बसले नव्हते. रडू येईल अशी भीती वाटली, आणि थोडं आलंही.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. सून बाहेर आली. हाताला धरून त्यांना आत घेऊन गेली. बाईंनी उठून आपली खुर्ची दिली. पडद्यावर शेवटची शेंग सावकाश उकलत होती, तिच्या पट्ट्या आत वळत होत्या आणि बिया एकेक करून सुटत होत्या. अशा चित्रणात आवाज भरलाच जात नाही. खोलीतल्या कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. मास्तर खुर्चीत पुढे सरकून बघत होते.