कापसाच्या ढिगात

मार्गशीर्ष लागला की आमच्या घरातली चूल घराबाहेर जायची. माजघर आढ्यापर्यंत कापसाने भरलेलं, आणि शेजारच्या गावात एकदा एका ठिणगीने कापसासकट घर गेलेलं. तेव्हापासून माझ्या सासूबाई, बयनाबाई, ताकही फुंकून पीत. स्वयंपाक गोठ्यामागे, बिडी रस्त्यावर, देवाचा दिवासुद्धा तुळशीपाशी. ढिगावर पाय ठेवायचा हक्क फक्त त्यांचा, तोही पाय धुऊन. मी आदिलाबादच्या कारकुनाची मुलगी. कापसाच्या या सोवळ्याचं मला हसू यायचं.

१९८९च्या पौषात ते हसू पळालं. माहेरी जायच्या आधीच, आठव्या महिन्यात मी बाळंत झाले. मुलगी झाली, दोन किलोलाही कमी. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाईंनी एकच बजावलं, हिला गार पडू देऊ नका. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायची रीत, पण आमच्याकडे विस्तव कुठला? मग माझ्या नवऱ्याने, नागनाथरावांनी, तलमडुगूच्या बाजारातून दोनशे वॅटचा बल्ब आणून बाजेवर टांगला.

पाचव्या दिवशी दुपारी वीज गेली. विहिरींवरच्या मोटारींच्या भाराने ट्रान्सफॉर्मर जळाला होता. नागनाथराव सायकलवर लाइनमनकडे गेले. तो म्हणाला, "रेपु." रेपु म्हणजे तेलुगूत उद्या, लाइनमनच्या तेलुगूत कधीही. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

ऊन कललं तशी खोली गार पडत गेली. सासूबाई चुलीवर फडकी शेकून आणत, अंगण ओलांडेपर्यंत ती निवत. विटा तापवून झाल्या, गोधड्या घालून झाल्या. दिवेलागणीला पोरीचे पाय गारच होते आणि ती दूध ओढेना. मी तिचे तळवे तोंडाशी धरून फुंकत राहिले. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"आत्याबाई, शेगडी आणा," मी सासूबाईंना म्हणाले. "घर जळलं तर जळू द्या."

त्या क्षणभर दारात उभ्या राहिल्या आणि निघून गेल्या. मला त्यांचा भयंकर राग आला. मनात म्हटलं, या बाईला नातीपेक्षा कापूस प्यारा. मग माजघरात सळसळ ऐकू आली. पोरीला उचलून भिंतीच्या आधाराने जाऊन पाहते, तर सासूबाई पदर खोचून ढिगात दोन्ही हातांनी खड्डा करत होत्या.

"ये," त्या म्हणाल्या. "लेकराले पोटाशी घे अन् आत बस."

मी उंबऱ्यावरच थांबले. बाळंतिणीने दहा दिवस कापसाला शिवायचं नाही, लक्ष्मी रुसते, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. ओट्यावरून सासरे, चंपतराव, म्हणालेही, "अवं, काय करून राह्यली? सोयर फिटलं नाई अजून."

"तुमी गप बसा." मग माझ्याकडे वळून, "काऊन उभी हायेस? पाय धुऊ नको, गार पानी बाधन."

मी आत उतरले. पोरीला उघडीच छातीशी धरली. सासूबाईंनी आमच्याभोवती खांद्यापर्यंत कापूस लोटला, तिचं तोंड तेवढं मोकळं ठेवलं. सरकी पाठीला टोचत होती. त्या शेजारीच बसल्या आणि कापसात हात घालून तिचे तळवे चाचपत राहिल्या. किती वेळ गेला कुणास ठाऊक. आधी माझी पाठ गरम झाली, मग पोट, आणि शेवटी तिचे पाय. तिने तोंड हलवलं आणि दूध ओढलं. मला रडू फुटलं.

"कापूस खराब होईल, आत्याबाई," काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले.

"होऊ दे."

तळव्यावरचा हात त्यांनी काढला नव्हता.

"मायं पयलं लेकरू बी आठव्याच मयन्याचं," त्या म्हणाल्या. "असाच पुसाचा मयना. त्याच खोलीत चार दिस कुडकुडलं अन् गेलं. कापूस इथंच होता, मधात भिंत तेवढी. मले कोनी आत बोलावलं नाई."