पेजेत टाकलेला थेंब

भैय्यालालनी तुमसरच्या एका शाळेत तीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळली. रिटायर झाल्यावर वर्षभरातच लकव्यानं डावा हात लुळा पडला, पण चौकसपणा तसाच राहिला. नागपूरची डॉक्टर मनाली लकव्यावर आयोडीनच्या एका क्षाराचा अभ्यास करायला गावात आली, तेव्हा संमतीची सही करायला पहिले तेच.

अट एकच. निम्म्या बाटल्यांत औषध, निम्म्यांत नुसतं खारट पाणी. कोणाला काय मिळालं, हे शेवटपर्यंत ना पेशंटला कळणार, ना डॉक्टरला.

भैय्यालालना हे कुठलं पचायला! चौथ्याच दिवशी ते स्वयंपाकघरात शिरले.

"सत्यभामा, भाताची पेज दे वाटीभर."

"काहून जी? आत्ताच तं जेवले."

"प्याले नाई पाह्यजे. आयोडीन असलं तं पेज निळी होते. पोट्ट्यायले जिंदगीभर दाखवलं म्या."

बाटलीतला थेंब पेजेत पडला. नवराबायको वाटीवर वाकले. पेज पांढरीच.

"पानी पाजून राह्यले मले!" भैय्यालाल तडकले आणि दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन थेट मनालीच्या शिबिरात गेले.

मनालीनं हसू दाबलं. "काका, मोकळं आयोडीन पेज निळी करतं. क्षारातलं करत नाही. बाटलीत औषध असो की पाणी, पेज पांढरीच राहणार. आता पुन्हा प्रयोग नको हं, नाहीतर तुमचं नाव कापावं लागेल."

तीस वर्षांचं शास्त्र असं भर शिबिरात तोंडघशी पडलं. भैय्यालालचे कान लाल झाले. सत्यभामानं बाटली कपाटात कोंडली. रोजचा डोस ती स्वतः देई आणि डॉक्टरनं सगळ्याच पेशंटना सांगितलेला हाताचा व्यायामही दामटून करून घेई.

आठ महिन्यांनी यादी उघडली. भैय्यालालना खारट पाणीच मिळालं होतं.

"पाह्य! म्या म्हनलंच होतं!"

"म्हनलं तुमी बरोबर," सत्यभामा म्हणाली, "पन पेज पाहून नाई समजलं ते."

त्यांची बोटं आता थोडी वळत होती. पण औषध मिळालेल्यांचीही तेवढीच वळत होती. क्षाराचा काही उपयोग झाला नव्हता, गुण होता तो व्यायामाचा. भैय्यालाल हिरमुसले.

"काका, पाणी पिणारे नसते, तर आम्ही सगळं श्रेय औषधालाच दिलं असतं," मनाली म्हणाली. "फुकट लोकांना पाजत बसलो असतो."

भैय्यालालची कळी खुलायला एवढं पुरे झालं. संध्याकाळी पानठेल्यावर ते दोस्त मंगरूला सांगत होते, "अरे, आठ महिने पानी पेलो, तवा डॉक्टर लोकायले समजलं!"

"काय समजलं जी?"

"बैस इथं. लंबी गोष्ट हाय."