सकाळी बारा नंबर, दुपारी सतरा

मी जॉब बोलतोय. वेल्डिंग शिकणारी पोरं परीक्षेला लोखंडाच्या दोन पट्ट्या जोडून जो तुकडा तपासायला ठेवतात, त्याला आमच्यात जॉब म्हणतात. जॉबनं एकदा परीक्षा द्यावी आणि भंगारात जावं, एवढं साधं आयुष्य असतं. मी मात्र वर्षानुवर्षं परीक्षा देतोय. शी! स्वतःच्याच अंगाची किळस येते मला.

माझा जन्म चौऱ्याऐंशी सालचा, धुळ्यातल्या एका खाजगी तांत्रिक शाळेतला. तोताराम मिस्त्री तिथं शिकवायचे. त्यांनी मला परीक्षेसाठी केलंच नव्हतं. पोरांनी हातात घ्यावं, जोडाची चांगली लाइन कशी असते ते बघावं, म्हणून केलं होतं. "डोळ्यानं नका बघू, बोटानं बघा," म्हणायचे. कुणी पट्टी जाळली की पोटभर शिव्या घालायचे आणि लगेच दुसरा रॉड हातात द्यायचे. त्या माणसाबद्दल मला आजही माया आहे.

मग काय झालं, शाळेच्या नावानं येणारे वेल्डिंग रॉडचे पुडे चेअरमन रतिलालभाऊंच्या ट्रॉलीच्या कारखान्यात उतरायला लागले. मिस्त्रींनी विचारलं, तर त्यांनाच घरी बसवलं. त्यांच्या जागी रतिलालभाऊंचे भाचे अभिमन सर आले. सरांनी मशीनवर चादर पांघरली. दसऱ्याला तेवढी काढायची, हार घालायचा, नारळ फोडायचा आणि पुन्हा पांघरायची. पोरं वर्षभर अंगण झाडायची आणि सरांच्या घरचं दळण आणायची.

परीक्षा आली की सरांना माझी आठवण यायची. कानस घेऊन अंगावरचा जुना नंबर घासून काढायचा आणि पंच ठोकून नवा उमटवायचा. तपासनीस अर्धी पोरं सकाळी बघायचे आणि मग शेवभाजी-भाकरीवर ताव मारायला जायचे. त्यांचं जेवण होईतो मी एका पोराचा दुसऱ्याचा झालेला असायचो. घासून घासून माझ्या कोपऱ्यात खड्डा पडलाय. एवढी मेहनत या माणसानं शिकवण्यात घेतली असती तर पोरं कुठल्या कुठं गेली असती.

माझ्या जिवावर पहिल्या वर्गात पास झालेला छगन रतिलालभाऊंच्याच कारखान्यात लागला. त्यानं जोडलेली, ट्रॅक्टरला अडकवायची ट्रॉलीची दांडी पिंपळनेरच्या रस्त्यावर सुटली. ट्रॉलीत ऊसतोडीला निघालेली माणसं होती. बिजलीबाई नावाच्या पोरीचा पाय गुडघ्याखाली गेला. तिचा भाऊ रुपसिंग आमच्याच शाळेत शिकत होता, म्हणून मला हे कळलं. तेव्हापासून कुणी पहिला वर्ग म्हटलं की मला ती दांडी आठवते.

एक्क्याण्णव साली रुपसिंग परीक्षेला बसला. एका साखर कारखान्यात वेल्डरची एकच जागा होती आणि ती आमच्या शाळेतून पास होणाऱ्याला मिळणार होती. डोंगरालगतचं पावसावरचं शेत आणि घरात कुबडी घेऊन चालणारी बहीण, अशा पोराला ती जागा किती हवी होती ते काय सांगू. सकाळी मी कौतिक नावाच्या पोराचा झालो, बारा नंबर. जेवणाच्या सुट्टीत सरांनी मला सतरा केलं आणि रुपसिंगपुढं ठेवलं. गप मुकाट्यानं पास हो, म्हणाले.

रुपसिंगनं मला बाजूला सारलं. परीक्षा म्हणून, दाखवण्यापुरतं, मशीन त्या दिवशी सुरू होतं. त्यानं काच तोंडापुढं धरली, रॉड धरायचा होल्डर उचलला आणि स्वतःच्या पट्ट्या जोडायला घेतल्या. रॉड दर दोन बोटांवर चिकटत होता. लाइन वाकडी गेली, एका जागी भोकसुद्धा पडलं. सर दात-ओठ खात बघत राहिले. त्यानं तुकडा थंड केला, खडूनं त्यावर सतरा लिहिलं आणि माझ्या शेजारी ठेवला.

तपासनीस ढेकर देत आले. त्यांनी मला उचललं. अंगठा माझ्या खड्ड्यावरून फिरला आणि तिथंच थांबला. कानशीनं घासलेली ती जागा अजून कोमट होती. सकाळी हाच अंगठा माझ्यावरून फिरला होता. त्यांना सगळं उमगलं, आणि मला वाटलं, सुटलो एकदाचा!

"यातला तुझा कुठला?" त्यांनी विचारलं.

"हाऊ मना हातना शे, सर." रुपसिंगनं आपला तुकडा पुढं केला. "वर्षभरमा तीनच रॉड भेटनात. नापास करानं व्हई ते यानावरच करा."

तपासनिसांनी घड्याळ पाहिलं. मला अलगद खाली ठेवलं आणि सतरा नंबरपुढं नापास लिहिलं. बारा नंबरला पहिला वर्ग दिला. जाताना सरांनी जीपमध्ये ठेवलेला केळीचा घड त्यांनी वाकून बघितला आणि जरा हिरवा आहे म्हणून कुरकुर केली. थू असल्या जिंदगीवर!

रुपसिंगनं आपला जॉब मागून घेतला. बहिणीला दाखवायचाय, म्हणाला. सर हसले आणि ने म्हणाले. त्या भोक पडलेल्या तुकड्याचा मला फार हेवा वाटला. तो ज्यानं केला त्याच्याच नावावर राहिला.

कारखान्यातली जागा कौतिकला मिळाली. पहिल्या दिवशी होल्डर कसा धरायचा हे त्यानं शेजारच्याला विचारलं, असं अभिमन सर चहा पिताना हसत हसत सांगत होते. आता त्याला तिथं उंचावर चढायच्या लोखंडी पायऱ्या जोडायचं काम दिलंय म्हणे. मी इकडं कपाटात पुढच्या परीक्षेसाठी तेल लावून ठेवलेला आहे. मला वितळवा, विहिरीत टाका, काय वाटेल ते करा. पण आधी कुणीतरी त्या कारखान्यात जा आणि कौतिकच्या पायऱ्यांवर चढलेल्या माणसांना खाली उतरवा.