वीतभर कमी

वादळाने कपड्यांच्या कारखान्याचं छप्पर उचलून नदीपलीकडे टाकलं आणि त्याबरोबर मास्तरची नोकरीही गेली. मास्तर म्हणजे कटिंग मास्तर; शाळेतला नव्हे, पण ऐट शाळेतल्यापेक्षा जास्त. थरावर थर रचलेल्या कापडावर खडूची रेघ ओढायची आणि पातं फिरवायचं, एवढंच त्याने उभ्या जन्मात केलं होतं. पण असं केलं होतं, की चिंध्यांच्या पोत्यात हात घातला तर बाहुलीचं झबलंसुद्धा निघू नये. "हा माणूस कापड वाया जाऊ देत नाही," असं मालक चारचौघांत म्हणायचा आणि तेवढ्यावर मास्तर पगारवाढ मागायचं विसरून जायचा. कौतुकाला हपापलेला माणूस फार स्वस्तात पडतो.

घराचे पत्रेही गेले होते. भिंती शाबूत, दार शाबूत, दाराची कडीसुद्धा शाबूत. वर मात्र नुसतं आभाळ. आत म्हातारी आई खाटेला खिळलेली. तिला उठता येत नव्हतं आणि दिसायचंही जेमतेम. सर आली की बायको खाटेपाशी छत्री धरून उभी राहायची आणि हात अवघडला की हात बदलायची.

मदत मागायला मास्तर शाळेच्या हॉलवर गेला. तिथे एका संस्थेने ठाण मांडलं होतं. जाड निळ्या प्लास्टिकचे रोल भिंतीला टेकवून ठेवले होते आणि दोन धडधाकट स्वयंसेवक भाजीच्या सुरीने त्यांचे वेडेवाकडे तुकडे पाडत होते. मास्तरला ते बघवेना. रांग सोडून तो पुढे घुसला.

"अहो, हे काय कापणं झालं? द्या इकडे."

संस्थेच्या मॅडम तिथेच होत्या. त्याने ओढलेली सरळ रेघ बघून त्यांनी विचारलं, "तुम्ही मदत करायला आलात का?"

"हो," मास्तर म्हणाला. मागायला आलेला माणूस एका शब्दात देणारा झाला. अंगात पिवळं जाकीट चढलं आणि जाकिटाबरोबर मूठभर मांसही. त्यात मॅडम म्हणाल्या, "गोदामाला एक पगारी माणूस लागणार आहे. काम बघून ठरवू." झालं. तिथून पुढे मास्तरचा सगळा जीव त्या नोकरीत अडकला.

किती लांबीचा तुकडा द्यायचा ते ठरलेलं होतं. मास्तरने प्रत्येक तुकड्यातली वीतभर लांबी मारली. कोणी सांगितलं नव्हतं; हाताची सवयच ती. रोल संपला तेव्हा एक तुकडा जास्तीचा निघाला आणि मॅडमनी सगळ्यांना हाका मारून तो दाखवला. "बघा, एका रोलमागे एक घर जास्त! याला म्हणतात काम." मास्तरला कारखान्याचा मालक आठवला आणि छाती फुगली.

पण शर्टाला वारा उचलून नेत नाही. छपरावरचं प्लास्टिक भिंतीवरून खाली वळवावं लागतं, त्याची कड दगडाखाली दाबावी लागते. ती वीत त्यासाठी होती. मास्तर जन्मात कधी छपरावर चढला नव्हता, त्याला हे कुठून सुचणार? लोक येऊन सांगू लागले, "मास्तर, कड दाबायला पुरत नाही हो. वारा आला की फडफडतंय." सांगितल्यावर तरी कळायला हवं होतं. पण आता वीत वाढवायची म्हणजे जास्तीचं घर गेलं, आणि त्याबरोबर नोकरी.

"नीट बांधा की," तो म्हणायचा. "सगळ्यांना सारखंच. पुढे चला."

बायकोला त्याने घरीच बजावलं होतं, "रांगेत उभी राहा, पण ओळख दाखवू नकोस. घरातल्या घरात वाटलं असं कोणी म्हणायला नको." ती मुकाट्याने उभी राहिली. तिचा नंबर आला. तुकडा हातात घेऊन तिने पसरून बघितला आणि हळूच म्हणाली, "अहो, आईंच्या खाटेपर्यंत पोचायचं नाही हे. जरा मोठं द्या ना."

मागे मॅडम उभ्या होत्या.

"बाई, सगळ्यांना सारखंच," मास्तर म्हणाला. "पुढे चला."

तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं. "बरं, साहेब," म्हणाली आणि निघून गेली.

त्या संध्याकाळी ती कामाला लागली. घरातली एकुलती एक धड चादर फाडून तिने पट्ट्या काढल्या, दाभणाने प्लास्टिकच्या कडेला शिवल्या आणि कमी पडलेली वीत भरून काढली. मग स्वतः भिंतीवर चढून कडा दगडांनी दाबल्या. म्हातारी वादळानंतर पहिल्यांदाच कोरडी झोपली. मास्तरही झोपला. त्याला त्या पट्ट्या दिसल्या नव्हत्या असं नाही.

पुढे रोल संपले. पुढचा माल कधी येणार, देव जाणे. रांगेत सगळ्यात पुढे मास्तरचाच शेजारी, इस्त्रीवाला, रिकाम्या हातांनी उभा होता. आणि नेमकं तेव्हाच मॅडमनी मास्तरच्या पाठीवर थाप मारली. "उद्यापासून तुम्ही पगारी. फक्त एक लक्षात ठेवा, आमच्या माणसाच्या घरी आमचं सामान असता कामा नये. लोक नावं ठेवतात."

इस्त्रीवाल्याने मास्तरकडे बघितलं. मास्तरच्या लगेच ध्यानात आलं: याच्या घरातून आपलं छप्पर दिसतं! आज ना उद्या हा तोंड उघडणार. मास्तर तसाच तडक घरी गेला आणि भिंतीवर चढला.

"अहो, काय करताय?" बायको धावत आली. "आभाळ भरून आलंय."

"नोकरी लागली. हे परत द्यायचंय."

"आणि आई?"

"पगार आला की नवे पत्रे घालू. चार दिवस कळ काढ जरा."

त्याने एकेक दगड उतरवला. प्लास्टिक सरकलं तसा खोलीत उजेड पडला आणि म्हातारीने मान वळवली.

"कोण, तू होय रे बाळा? पत्रे घालतोयस?"

"हो, आई."

"घाल, घाल," म्हातारी म्हणाली. "मी हिला म्हणतच होते, माझा मुलगा घालेल."

बायकोने तोंड फिरवलं. कोपऱ्यातली छत्री उचलली आणि खाटेपाशी जाऊन उभी राहिली.

हॉलवर येताच मास्तरने कात्री काढून चादरीच्या पट्ट्या कापून टाकल्या. तुकडा मूळच्या मापाचा झाला. मग त्याची कडेला कड जुळवून सुरेख घडी केली आणि सगळ्यांच्या देखत टेबलावर ठेवली. "आमच्या घरचं, मॅडम. परत आणलं."

मॅडम म्हणाल्या, "अहो, मी इथून पुढचं म्हणत होते! डोक्यावरचं काढून आणा असं कोण सांगेल? घरी कोणी आहे ना तुमच्या? न्या बरं ते परत."

मास्तर वळला. घडी टेबलावर नव्हती. इस्त्रीवाल्याने ती केव्हाच उचलली होती आणि तो ती उलगडून हाताने मापतही होता.

"मास्तर," तो म्हणाला, "वीतभर कमी आहे हे."

मागायचं तर आत्ताच मागायला हवं होतं. सगळा हॉल बघत होता. मॅडम शेजारच्या बाईंना म्हणत होत्या, "असा माणूस हवा बघा, स्वतःच्या घरचंसुद्धा आणून देणारा." शाळेच्या पत्र्यावर पहिले थेंब वाजले, मग एकदम धो धो सुरू झालं. मास्तरच्या डोळ्यांसमोर खाट आली, छत्री धरलेला बायकोचा हात आला. त्याने तोंड उघडलं.

"सगळ्यांना सारखंच," तो म्हणाला. "पुढे चला."