गल्लीतलं शेवटचं घर

आमच्या ह्यांना घरात चहाची पूड कुठल्या डब्यात असते, ते लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ठाऊक नाही. पण ज्या गल्लीत त्यांनी पदक मिळवलं, तिथलं एकेक स्वयंपाकघर त्यांना तोंडपाठ आहे. ओटा कुठल्या भिंतीला, खिडकी किती उंचीवर, फ्रिजच्या आड माणूस मावेल की नाही. शहरातली लढाई अशीच असते म्हणे. रस्त्यावर पाऊल टाकलं की गोळी येते, म्हणून घराघरांमधल्या भिंती फोडायच्या आणि लोकांच्या संसारातून वाट काढत पुढे सरकायचं.

लष्करातली नोकरी संपल्यावर ह्यांनी त्यावर पुस्तक लिहायला घेतलं. हे हाताने लिहितात, मी टाइप करते. बसतात जेवणाच्या टेबलाशी, पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे. दारावरची बेल वाजली की हे दचकतात आणि उठते मी. पदक ह्यांचं, त्यावरची धूळ पुसणं माझं.

दर रविवारी लंबूची आई ऐकायला येत. लंबू हा ह्यांचा जिवलग, त्याच गल्लीत गेलेला. त्याच्या आईला आम्ही काकू म्हणतो. काठी खुर्चीला टेकवून त्या नवी पानं ऐकत आणि निघताना एकच विचारत, त्याचं पान आलं का? हे म्हणत, पुढच्या रविवारी नक्की.

तो रविवार काही उजाडेना. दर आठवड्याला गल्लीत एक नवं घर निघायचं. प्रकाशकबाई फोनवर माझ्यावरच डाफरल्या, की नकाशात एवढीशी दिसणारी गल्ली पुस्तकात संपत कशी नाही. मी ह्यांना टोमणा मारला, की तुम्ही लढायला गेला होतात की घरं बांधायला? हे हसले नाहीत. एरवी माझ्या फालतू विनोदांनाही हसतात.

मग काकूंनी मुलीकडे दुसऱ्या शहरात कायमचं जायचं ठरवलं. निघायच्या दिवशी दुपारी त्या शेवटचं ऐकायला आल्या, संध्याकाळची गाडी होती. ह्यांनी वाचायला घेतलं. चौघांची तुकडी, एकामागे एक. दारातून सर्वांत आधी शिरणारा तो पहिला नंबर. एक घर ताब्यात आलं की त्याने मागे जायचं आणि पुढच्या घरात दुसऱ्याने आधी शिरायचं. मरणाची पाळी सगळ्यांवर सारखी यावी म्हणून हा नियम होता, आणि तो कुणी मोडत नसे. वाचता वाचता चौघं शेवटच्या घराच्या जिन्यापाशी आले. लंबू कठड्याला टेकून उभा. वर बंद दार. पानं तिथेच संपली.

"पुढे?" काकूंनी विचारलं.

"अजून लिहायचंय."

काकू म्हणाल्या, "किती दिवस त्याला जिन्यावर उभं करून ठेवणार आहेस रे? पाय दुखले असतील त्याचे."

ह्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातलाच नाही. सरकारी सन्मानपत्रात छापलंय, की लंबूची पाळी होती, तो आधी शिरला आणि धारातीर्थी पडला, आणि ह्यांनी त्याच्या मागून जाऊन ती खोली जिंकली.

"नंबर माझा होता, काकू."

मग थांबत थांबत सगळं आलं. आधीच्या घरात छताचा तुकडा कोसळला होता आणि ह्यांच्या कानात नुसता घणघणाट होता. जिन्याशी आल्यावर पाय उचलेना. त्या धक्क्याने की भीतीने, ते ह्यांना अजून सांगता येत नाही. लंबूने एकदा ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं, खांद्याला धरून बाजूला केलं आणि वर गेला. अहवाल लिहिणाऱ्याने गृहीत धरलं की आधी शिरला त्याचाच नंबर असणार. हे तोंडाला कुलूप लावून बसले, ते आजपर्यंत.

मला रागच आला. एका ताटात जेवणाऱ्या बायकोला हे कधी सांगितलं नव्हतं. आणि भीतीही वाटली. आता ही बाई ह्यांना शाप देईल, आणि तिला थांबवायला मी कोण?

"म्हणजे त्याची पाळी नव्हती," काकू म्हणाल्या.

"नव्हती."

"आणि ते त्याला माहीत होतं?"

"हो, काकू."

काकूंनी पदर तोंडाला लावला. मग तो खाली घेऊन म्हणाल्या, "येणारा जाणारा मला एकच सांगतो. पाळी आली, गेला, नशीब. इतकी वर्षं मी मान डोलावली. तो आपणहून गेला, हे कुणी सांगितलंच नाही मला. तूही नाही."

"काकू, मी..."

"तुझा राग येणारच आहे मला. गाडीत बसले की येईल, शिव्याही देईन. ते माझं मी बघते. तू लिही. त्याला आपणहून जाऊ दे."

ह्यांनी कागद पुढे ओढला. जिन्यापर्यंत पोचायला ज्यांना अख्खं पुस्तक लागलं होतं, त्यांचं ते अर्ध्या पानात लिहून झालं. काकूंनी ते ह्यांच्याकडून दोनदा वाचून घेतलं.